गप्प लेकरू

परवा नातसुनेचा फोन आला. मागं तिचं लेकरू रडत होतं आणि ती त्याच्यावर आवाज चढवून मला विचारत होती, "आजी, सगळं करून झालं, हा गप्पच होईना. काय करू?" मी म्हटलं, आधी तू गप्प हो आणि फोन त्याच्या तोंडापाशी धर. धरला तिनं. मी ऐकलं. आधी कुरकुर, मग एक लांब ओढ, मधेच थांबणं, पुन्हा ओढ. म्हटलं, अगं, त्याला झोप आलीय आणि तुम्ही घरभर खुळखुळे वाजवायलात. दिवा बंद कर, छातीशी धर, पाठीवर हात ठेव. थोपटू नको, नुसता ठेव. झोपलं ते.

ही विद्या माझ्या आईची. आई म्हणायची, लेकराजवळ एकच शब्द असतो, तोच ते निरनिराळ्या चालीत म्हणतं, आपण चाल ओळखायची. भूक लागली की रडणं खालून सुरू होतं आणि चढत जातं, मधे मूठ तोंडात जाते. पोट दुखलं की एकदम किंचाळी, पाय पोटाशी, तोंड लालबुंद. कान दुखत असला की ते मान एकाच अंगाला घासत राहतं. मुंगी डसल्याचं रडणं तर बहिऱ्यालाही कळतं. आणि एक असतं तिन्हीसांजेचं. त्याला कारण नसतं. दिवसभराचा शीण लेकरालाही येतो, ते तो रडून काढतं. त्याला औषध नाही, त्याला नुसतं घेऊन बसायचं.

रडण्याला मी कधी भ्याले नाही. भ्याले ते एकदाच, लेकरू रडायचं थांबलं तेव्हा. ते माझं पहिलं लेकरू, मुलगी. तिचा जीव तेव्हा आम्हा तीन बायांच्या हातात होता आणि तिघींचीही तिच्यावर माया होती. माया कमी असती तर गोष्ट सोपी होती.

माझं माहेर शहरातलं, औरंगाबादचं, आणि सासर दौलताबादला, किल्ल्याच्या डोंगराखाली. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं उलटली होती. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून गेलेली माणसं कधीच परत येऊन शेतीला लागली होती, तरी दिवस बुडायच्या आत दाराला कडी घालायची घाई घराघरांत उरली होती. त्यात आमचं घर अगदी डोंगराच्या पायाशी. दुपार कलली की डोंगराची सावली आमच्या अंगणात उतरायची. गावात लख्ख ऊन असायचं आणि आमच्याकडं संध्याकाळ. नवी नवरी म्हणून गेले तेव्हा मला त्या सावलीचं काही वाटलं नव्हतं. लेकरू झाल्यावर वाटायला लागलं.

घरात सासरे, माझे मालक, सासू आणि सासऱ्यांची थोरली बहीण. ही बहीण ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती तिथंच राहिली, पोटी मूलबाळ नाही. तिला सगळे आत्याबाई म्हणायचे. सासूला मी बाई म्हणायची. या दोघींचा, नणंद-भावजयीचा, अबोला होता. किती वर्षांचा ते मला माहीत नाही, मी गेले तेव्हा तो घरातल्या खांबासारखा होता, सगळे त्याला वळसा घालून चालायचे. कशावरून धरला होता तेही धड कोणाला सांगता येत नव्हतं. आत्याबाईच्या मते पुरणात गूळ कमी पडल्यावरून, आणि बाईच्या मते गूळ कमी पडलाच नव्हता त्यावरून.

पण एका चुलीपुढं बसणाऱ्या बायांचं बोलल्यावाचून कसं चालावं? तर त्या तिसऱ्याच्या तोंडून बोलायच्या. आधी मांजर होतं, मग मी आले, मग माझी लेक झाली आणि दोघींना मोठी सोय झाली. लेकीला मांडीवर घेऊन आत्याबाई म्हणायच्या, "चिमणे, इचार बरं तुझ्या आजीला, आज वरणात पानी पडलंय का पान्यात वरण?"

चुलीपासून उत्तर यायचं, "चिमणे, सांग, ज्याला घट वरण लागतं त्यानं डाळ निवडू लागावं."

"चिमणे, सांग, डोळ्याला दिसंना म्हनून बसलेय."

"चिमणे, सांग, दुसऱ्याच्या ताटातलं बरं दिसतं!"

मधे पोर टाहो फोडायची आणि सासरे बाहेरून म्हणायचे, "अरं, त्या लेकराला कामून कोर्टात उभं करायलात?" मला हसू यायचं. त्या घरात तेव्हा हसूही होतं, ते सांगितलं पाहिजे.

आता अफूचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. निजामाच्या राज्यात अफू उघड दुकानात मिळायची. सासऱ्यांना गुडघ्याच्या दुखण्यासाठी तिची सवय लागली होती. पुढं दुकानं बंद व्हायला लागली, तरी त्यांची डबी कुठून तरी भरून यायची. आणि खेड्यात लेकरालाही कण द्यायचे. वेचणीला, खुरपणीला जाणारी बाई काय करणार? नखाच्या टोकावर कण घ्यायचा, आईच्या दुधात घासून चाटवायचा, लेकरू झोळीत दिवसभर पडून राहायचं. त्यात कोणी पाप मानत नव्हतं. पण माझ्या आईनं माझ्या लहान भावंडांच्या वेळी शेजारचं एक लेकरू असं झोपलेलं पाहिलं होतं, ते उठलं नव्हतं. म्हणून बारशाला आली तेव्हा पदर पसरून दोघींना बोलली, "विहिणबाई, काय बी करा, पोरीला कण देऊ नका." दोघींनी वेगवेगळी मान डोलावली, बोलल्या मात्र एकच. "न्हाई देणार, बयो. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

पोर तिन्हीसांजेला रडायची. फार रडायची. मी तिला घेऊन अंगणात फिरायची, मला त्याचं काही नव्हतं. बाईला मात्र ते ऐकवायचं नाही. माझ्या मालकांच्या पाठचं तिचं एक लेकरू असंच एका संध्याकाळी रडायला लागलं आणि दिवेलागणीनंतर गेलं होतं. तेव्हापासून सांजेला लेकरू रडलं की ती हातातलं काम टाकून दाराकडं बघायची. कोणी आत येतंय का, असं. मग मीठ-मोहऱ्या उतरवायची, चुलीत टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की म्हणायची, "लई दृष्ट होती." पोर रडतच असायची.

कापसाची वेचणी आली. बाया मिळेनात, तेव्हा मलाही शेतात जावं लागलं. पोर चार महिन्यांची. आत्याबाई म्हणाल्या, "जा गं तू बिनघोर. मी हाय ना." मी सकाळी पाजून जायची, दुपारी येऊन पाजायची, पुन्हा जायची.

सुरुवातीला घरी परतताना मला वेशीपासूनच तिचा आवाज यायचा. पान्हा तिथंच फुटायचा. मग एक दिवस आवाज आला नाही. घरात आले तर पोर झोळीत शांत. आत्याबाई झोका देत बसलेल्या, तोंडावर असा आनंद की काय सांगू. "बघ. रडली न्हाई का कुरकुरली न्हाई. मव्ह्या हाताला गुन हाय." शेजारणी यायच्या, म्हणायच्या, आत्याबाईनं लेकरू कसं पाळलंय बघा. ज्या बाईला जन्मात स्वतःचं लेकरू मिळालं नाही, तिला ते ऐकून काय वाटत असेल! मीही बोलले, "आत्याबाई, तुमच्यामुळं माझं निभायलंय."

पुढं सांजेचं रडणंही थांबलं. बाई दिवा लावायची, हात जोडायची आणि पोरीकडं बघून म्हणायची, "सुटली गं दृष्ट." घर असं शांत झालं की सासऱ्यांना रात्रीचं जेवण वेळेवर मिळायला लागलं.

मला मात्र आईची विद्या आड यायची. पोर दुपारी भुकेचं रडत नव्हती. मी छातीला लावायची तर चार घोट घेऊन मान टाकायची. शेतात माझा पान्हा वाहायचा, चोळी भिजून ओटीतला कापूस ओला व्हायचा, बाजूची बाई म्हणायची, "अगं, तुव्ही पोर उपाशी हाय का तू?" पोरीला शी होईना. हात धरला की धरलेला राहायचा, सोडला की पडायचा. मी बाईला म्हटलं, पोर सुकायली. ती म्हणाली, "दात येत असतील." आत्याबाईला म्हटलं, त्या म्हणाल्या, "लेकरू गरीब झालंय आता. तू उगं वंगाळ बोलू नको."

त्याच दिवसांत सासऱ्यांची डबी लवकर रिती व्हायला लागली. ते अंगणात बसून ओरडायचे, "मव्ही गोळी कोन खायलंय?" एकदा म्हणाले, "उंदीर असतील. म्हनून तर आजकाल माळ्यावर खुडबूड न्हाई. समदे झोपलेत." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. आणि हसता हसता मी झोळीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वेचणीला जाणार नव्हते. मनाशी ठरवलं होतं. पण मालक आदल्या दिवसाचा कापूस घेऊन शहरात जिनिंगला गेलेले, शेतात बोंडं फुटून खाली लोंबायलेली, बाई म्हणाली आजच्या दिवस जा. गेले. दुपारी पाजायला आले तेव्हा पोर थोडी जागी होती, कण्हल्यासारखं करत होती. मला बरं वाटलं. आवाज तर आहे. परत शेतात गेले, पण ओटी अर्धी झाली नाही तोच हात चालेना. किल्ल्याची सावली आमच्या घराच्या अंगानं पसरत येताना शेतातून दिसायची. त्या दिवशी ती मला फार वेगानं येताना दिसली. मी ओटी तिथंच सोडली आणि निघाले.

घरात बाई दिव्याची वात वळत होती. आत्याबाई विहिरीवरून कळशी घेऊन आत येत होत्या. झोळी हलत नव्हती. मी आत हात घातला. पोर गार होती. ओठ जांभळे, तोंड अर्धवट उघडं. छातीवर कान ठेवला. श्वास आला. मग इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं गेली. मग पुन्हा एक आला.

मी ओरडले, "काय दिलंय हिला? कोणी दिलंय?"

कळशीतलं पाणी आत्याबाईच्या पायावर सांडत होतं. बाईनं सवयीनं माझ्या हातातल्या पोरीकडं वळून सुरुवात केली, "चिमणे, सांग तुझ्या आईला..." आणि तिथंच तिची जीभ अडकली. पोरीची मान माझ्या कोपरावरून खाली लोंबत होती.

मग बाईनं मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ नणंदेच्या तोंडाकडं पाहिलं. "वन्सं, तुमी कण दिला का?"

आत्याबाई म्हणाल्या, "सकाळी दिला. रोज देते. आज ती लवकर उठली, रडाया लागली, म्हनून दुपार कलल्यावर पुन्यांदा दिला. कामून?"

बाई खाली बसली. "मी बी दिला. मघाशी. दिवा लावायच्या आधी."

"तू? तू कामून दिलास?"

"रोज देते."

"रोज?"

एक सकाळी देत होती, एक सांजेला. दोघींनी माझ्या आईला शब्द दिला होता, म्हणून माझ्यापासून लपवलं होतं. आणि एकमेकींना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. हे एक बोलणं असं होतं की जे लेकराच्या तोंडून बोलता येत नव्हतं.

सासरे आत आले. त्यांनी पोरीला पाहिलं आणि त्यांना काही सांगावं लागलं नाही. खाणाराला ठाऊक असतं. "पान्याचा हबका मारा," ते म्हणाले. "झोपू देऊ नका. कायबी करा, झोपू देऊ नका." आणि गुडघे विसरून शेजारच्याची बैलगाडी जुंपायला धावले.

सडकेला वेरूळकडून येणारी एसटी मिळाली. आम्ही तिघी तिच्यात बसलो. मी पोरीला आडवी धरली, बाई तिच्या तळपायाला बोटानं टिचक्या मारत होती, आत्याबाई ओल्या पदरानं तोंड पुसत होत्या. टिचकी मारली की पोर जरा कण्हायची, श्वास यायचा. थांबलो की थांबायचा. पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळून म्हणाली, "अगं, लेकराला कामून छळायलात? किती दमलंय ते. झोपू द्या की."

बाई म्हणाली, "झोपली तर उठायची न्हाई, माय."

म्हातारीनं तोंडावर पदर धरला. त्यानंतर गाडीत नुसतं इंजिन आणि टिचक्या. आत्याबाईच्या तोंडून मधेच अंगाईचा सूर निघाला, सवयीनं निघाला असणार, आणि बाईनं त्यांचा हात इतक्या जोरानं दाबला की त्यावर बोटांचे वळ उठले. "वन्सं, गाऊ नका."

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं पोरीची पापणी उचलून बॅटरीचा उजेड टाकला. मी पाहिलं. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. त्यानं विचारलं, काय दिलं, किती दिलं, किती दिवसांपासून देताय. दोघींनी सांगितलं, काही लपवलं नाही. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. त्यानं पोरीला माझ्या हातातून घेतलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. तो ओरडला असता तर मला जास्त धीर आला असता.

निरोप मिळताच माझी आई माहेरून धावत आली. आम्ही चौघी व्हरांड्यात बसलो. आतून काही ऐकू येतंय का म्हणून सगळ्यांचे कान दाराला. दुसऱ्यांची लेकरं रडत होती, सुया टोचल्याची, भुकेची, आईला शोधल्याची, मी एकेक आवाज ओळखून बाजूला टाकत होते. त्यात आमचा नव्हता.

सकाळी तो आवाज आला. आधी मला ओळखू आला नाही. बारीक, चिरका, कापड टराटरा फाडल्यासारखा. नर्स म्हणाली, जा, तुमचीच आहे.

डॉक्टर म्हणाला, "वाचली. आता ती फार रडेल. अंगातून ते निघायला वेळ लागतो. कितीही रडली तरी काही द्यायचं नाही." मी विचारलं, पुढं? बुद्धीला, वाढीला काही? त्यानं पोरीकडं पाहिलं आणि म्हणाला, "ते वाढल्यावर कळेल."

आणि ती रडली. मालक आले, आम्ही गावी परतलो, आणि ती रडतच राहिली. हातपाय थरथरायचे, घाम सुटायचा, शिंका यायच्या, जांभया यायच्या, पण झोप नाही. माझी आई सोबत आली होती. तिनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "ही चाल मला येत नाही गं." घेतलं तरी रडायची, ठेवलं तरी रडायची. पाठीवर हात ठेवला तर अंग आक्रसून घ्यायची.

शेजारणी यायच्या. "अगं, कायतरी द्या की. मरंल की रडून रडून." बाई दारात उभी राहायची, आत येऊ द्यायची नाही. "रडू द्या. तुमच्या कानात बोळे घाला." तिन्हीसांज झाली की ती दिवा लावायची आणि त्या रडण्यात भिंतीला टेकून बसायची, डोळे दाराकडं. पण उठायची नाही. आत्याबाई झोळीला हात लावायच्या नाहीत. कोणी म्हणालं नव्हतं तसं, त्याच लावत नव्हत्या.

मग रडणं ओसरलं. पोर दूध ओढायला लागली. आम्ही तिघी मोकळा श्वास घेऊन एकमेकींकडं बघायचो आणि लगेच नजर काढून घ्यायचो. नणंद-भावजयीचा अबोला तुटला तो तुटलाच, त्या मीठ-मिरचीचं, गुरावासरांचं बोलायच्या. त्या संध्याकाळबद्दल मात्र तिघींपैकी कोणी एक अक्षर काढलं नाही, त्या दोघी जाईपर्यंत.

पोर बसली, रांगली, चालली. बोलायला जरा उशीर झाला, पण किती लेकरांना होतो. शाळेत बरी होती. कामाला चटपटीत. सगळं नीट झालं असं म्हणायला काही हरकत नाही. फक्त ती रडायची नाही. पडली, गुडघा फुटला तर बसून बघायची. एकदा विळ्यानं बोट कापलं, रक्त कोपरापर्यंत आलं, आणि ती माझ्यासमोर हात धरून उभी. "आई, हे बघ." एवढंच. लोक म्हणायचे, किती शांत पोर, कोणावर गेली? आत्याबाई तिथं असल्या तर उठून आत जायच्या.

तिचं लग्न झालं. पाठवणीला सगळा मांडव रडत होता. मी रडत होते, तिचा बाप रडत होता, भाड्यानं आणलेले वाजंत्रीवालेही डोळे पुसायले होते. ती मात्र एकेकाच्या पाया पडत शांतपणे पुढं गेली. गाडीत बसताना माझ्या गळ्यात पडली, तिच्या छातीचा ठोका मला लागला, अगदी एकसारखा. तिच्या सासूनं कौतुकानं म्हटलं, "खंबीर आहे पोर. असा स्वभाव देवानं द्यावा लागतो."

मी म्हटलं, "व्हय." गाडी हलली. ती काचेतून हात हलवत होती, हसत होती, आणि मी तिच्या डोळ्यांत बघत होते. गाडी वळेपर्यंत बघत होते. हा देवानं दिलेला स्वभाव की घरात दिलेला कण, ते मला सांगता आलं नाही.